पार्श्वभूमी इकडे, माणसं तिकडे

विमानतळाच्या दालनात एका जागी स्थिर बसवलेला कॅमेरा आहे आणि त्याच्यासमोरून प्रवाशांची सतत ये-जा सुरू आहे. त्या चित्रणातल्या २०० फ्रेम घेतल्या. या फ्रेममधली सगळी माणसं बाजूला काढून नुसतं रिकामं दालन दाखवता येईल का? तेही माणूस म्हणजे काय, बॅग म्हणजे काय, यातलं काहीही संगणकाला न शिकवता?

इमॅन्युएल कँडेस, शाओडाँग ली, यी मा आणि जॉन राइट या चौघांनी २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ द एसीएम’मधल्या शोधनिबंधात हे करून दाखवलं. ज्या पद्धतीने केलं तिला ‘रोबस्ट प्रिन्सिपल कॉम्पोनंट ॲनालिसिस’, थोडक्यात ‘रोबस्ट पीसीए’ म्हणतात. निबंधाच्या शीर्षकाच्या शेवटी चक्क प्रश्नचिन्ह होतं. हे जमेल असं सुरुवातीला कुणालाच वाटणार नाही.

आकडे मांडून बघू. प्रत्येक फ्रेम १७६ बाय १४४ पिक्सेलची, म्हणजे २५,३४४ आकड्यांची. एक फ्रेम म्हणजे एक उभा रकाना. असे २०० रकाने शेजारी शेजारी ठेवले की ५० लाख ६८ हजार ८०० आकड्यांचं एक मॅट्रिक्स तयार होतं. आता यातल्या प्रत्येक आकड्याचे दोन भाग करायचे आहेत : किती पार्श्वभूमीचा आणि किती हलणाऱ्या माणसांचा. माहीत असलेले आकडे पन्नास लाख, शोधायचे एक कोटीहून जास्त. ‘दोन संख्यांची बेरीज १० आहे, तर त्या संख्या सांगा’ असं विचारल्यावर शाळेतलं मूलही सांगेल की उत्तरं हवी तेवढी निघतात.

वाट निघते ती पार्श्वभूमीच्या स्वभावामुळे. भिंत, खांब, फरशी प्रत्येक फ्रेममध्ये तीच. उजेड थोडा कमीजास्त होईल, तेवढंच. पार्श्वभूमी अगदीच स्थिर असेल, तर तिच्यासाठी एक चित्र आणि प्रत्येक फ्रेमचा उजेड पुरतो, म्हणजे पन्नास लाखांऐवजी जेमतेम २५,५४४ आकडे. गणिताच्या भाषेत तिची ‘रँक’ कमी असते. उलट माणसं चित्राचा थोडाच भाग व्यापतात, त्यामुळे त्यांच्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक ठिकाणी शून्य असतं. एक भाग कमी रँकचा आणि दुसरा विरळ, एवढ्याच माहितीवर सगळी भिस्त आहे.

मूळचा पीसीए, म्हणजे माहिती मोजक्या मुख्य घटकांत मांडण्याची रीत, खूप जुना. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये त्याचा पाया घातला आणि हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये त्याला आजचं रूप दिलं. जनुकशास्त्रापासून शेअर बाजारापर्यंत तो सगळीकडे वापरतात. पण त्याचं एक दुखणं आहे. तो चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करतो. चूक दहापट मोठी असेल तर तिचं वजन शंभरपट होतं. एखादा सेन्सर बिघडला किंवा आकडा भरताना शून्य जास्त पडलं, तरी तेवढ्यानेच सगळं उत्तर वाकडं होऊ शकतं. दालनातल्या फ्रेम साध्या पीसीएला दिल्या तर पार्श्वभूमीत माणसांच्या पुसट सावल्या रेंगाळत राहतात.

चौघांनी वर्ग सोडले. रँक आणि शून्येतर आकड्यांची संख्या थेट कमी करायला गेलं तर संगणकाला ते झेपत नाही. म्हणून रँकच्या जागी मॅट्रिक्सच्या सिंग्युलर व्हॅल्यूंची, म्हणजे त्यातला प्रत्येक स्वतंत्र नमुना किती प्रबळ आहे हे सांगणाऱ्या आकड्यांची, बेरीज घेतली आणि विरळपणासाठी आकड्यांच्या निव्वळ (चिन्ह सोडून घेतलेल्या) किमतींची बेरीज. दोन्हींचा तोल राखायला एक गुणक लागतो. तोही चाचपडत शोधायचा नाही : १ भागिले मॅट्रिक्सच्या मोठ्या बाजूचं वर्गमूळ. आपल्या दालनासाठी तो साधारण १/१५९ येतो.

प्रत्यक्ष आकडेमोडही साधी आहे. दोन पायऱ्या आलटूनपालटून करायच्या. पहिलीत प्रत्येक सिंग्युलर व्हॅल्यूमधून एक ठरावीक रक्कम वजा करायची आणि उत्तर ऋण आलं तर शून्य धरायचं. यातून पार्श्वभूमी मिळते. उरलेल्या भागातल्या प्रत्येक पिक्सेलच्या निव्वळ किमतीवर, चिन्ह तसंच ठेवून, दुसऱ्या पायरीत तसाच संस्कार करायचा. त्यातून माणसं मिळतात. दर फेरीत राहिलेला फरक पुढच्या फेरीच्या हिशेबात मिळवत, दोन्ही भागांची बेरीज मूळ चित्राशी जुळेपर्यंत हेच चालू ठेवायचं.

मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यामागचं प्रमेय. पार्श्वभूमीची रँक पुरेशी कमी असेल, ती स्वतःच विरळ नसेल आणि बिघडलेले आकडे (आपल्या दालनात माणसांचे) फार जास्त नसून कसेही विखुरलेले असतील, तर उत्तर जवळपास खात्रीने तंतोतंत बरोबर येतं. चूक किती मोठी आहे याने काही फरक पडत नाही. दहाची असो वा दहा कोटींची, ती किती ठिकाणी आणि कशी विखुरलेली आहे एवढंच महत्त्वाचं. जवळपास याच काळात वेंकट चंद्रशेखरन, सुजय संघवी, पाब्लो पॅरिलो आणि ॲलन विल्स्की यांनीही हाच प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला होता.

उपयोग बरेच आहेत. चेहऱ्यांच्या फोटोंवर पडलेल्या सावल्या आणि चकाकी या पद्धतीने वेगळी काढता येते. नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये आपल्या माहितीतले विचित्र चढउतार हेरणारं याच पद्धतीचं साधन सर्वांसाठी खुलं केलं. गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा करण्याचा प्रयोग २०१२ मध्ये चिनी कराओके गाण्यांवर झाला. वाद्यांची साथ पुन:पुन्हा तीच येते, म्हणून ती कमी रँकची. गळा सतत वळणं घेत असतो, म्हणून तो विरळ भागात जातो.

पण सगळ्यांत महत्त्वाचा उपयोग एमआरआयचा. शरीरात कॉन्ट्रास्टचं औषध कसं पसरतं हे पाहताना चित्रं भराभर घ्यावी लागतात, आणि एमआरआय मुळातच संथ. रिकार्डो ओटाझो, कँडेस आणि डॅनियल सोडिक्सन यांनी २०१५ मध्ये दाखवलं की शरीराचा न बदलणारा भाग कमी रँकचा आणि औषधाची हालचाल विरळ, असं मानलं तर बरीच कमी मोजमापं घेऊनही चित्र उभं राहतं. रक्तवाहिन्यांची चित्रं वेगळी वजाबाकी न करताच पार्श्वभूमीतून उठून आली. इथे ज्याला आपण ‘बिघाड’ म्हणत होतो, डॉक्टरांना नेमकं तेच बघायचं असतं.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. दोनशेही फ्रेममध्ये जागचा न हललेला प्रवासी या गणिताच्या लेखी खांबच ठरतो. कॅमेरा हलला की पार्श्वभूमीची रँक वाढते. वाऱ्याने हलणारी झाडं आणि चमकणारं पाणी माणसांच्या बाजूला जातं. शिवाय मूळ प्रयोगात २०० फ्रेमना साध्या संगणकावर पाऊण तासाच्या आसपास वेळ लागला होता. प्रणीत नेट्रापल्ली, अनिमा आनंदकुमार, प्रतीक जैन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यापेक्षा बरीच वेगवान रीत सिद्धतेसह मांडली. जैन तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रात होते. येत्या प्रत्येक फ्रेमबरोबर उत्तर सुधारत नेण्याचं काम अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात नम्रता वासवानी यांनी पुढे नेलं.

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हे एकदा करून बघावंच. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, कॉलेजच्या फाटकाचं मिनिटभर चित्रण करा, फ्रेम लहान करून त्यांचं मॅट्रिक्स बनवा. पायथनमध्ये वरच्या दोन पायऱ्या लिहायला पंचवीस-तीस ओळी पुरतात, आणि लागणारं गणित तुमच्या लिनिअर अल्जिब्राच्या पुस्तकात आहे.