श्वासाचे यंत्र अंगवळणी पडताना

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु मोठ्याने घोरता घोरता आवाज एकाएकी थांबत असेल आणि थोड्या वेळाने तो माणूस दचकून श्वास ओढत असेल, तर ते ‘स्लीप ॲप्निया’ या विकाराचे लक्षण असू शकते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो आणि १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो. श्वास थांबण्याचे किंवा अपुरा पडण्याचे प्रकार तासाला ५ ते १५ वेळा घडल्यास विकार सौम्य, १५ ते ३० वेळा घडल्यास मध्यम व त्यापुढे तीव्र मानतात.

उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी या विकाराचा निकटचा संबंध आहे. झोप अपुरी राहिल्याने दिवसा डोळा लागतो. नगर-मनमाड रस्त्यावर रात्री मालमोटार चालविणारा चालक किंवा गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर हाकणारा तरुण यांच्या बाबतीत हा धोका रस्त्यावरील इतरांनाही पोहोचतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या डॉक्टरांनी कारणांत या विकाराचा उल्लेख केला, तेव्हा अनेक घरांत हे नाव प्रथमच ऐकले गेले.

उपचार आणि त्याची अडचण

या विकारावरील प्रमुख उपचार म्हणजे ‘सीपॅप’ यंत्र. ते नाकावरील मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये हा प्रयोग केला व १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीव्र रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासमार्ग करणे हाच खात्रीचा इलाज होता. त्या तुलनेत मास्क ही फार मोठी सोय आहे.

तरीही पहिल्या काही आठवड्यांत शरीराला त्रास होतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ‘यंत्र सोसत नाही’ म्हणून ते कपाटात ठेवले जाते आणि उपचार तेथेच थांबतो. वास्तविक यांतील बहुतेक त्रासांचे कारण ठाऊक आहे व त्यावर उपायही आहेत.

गुदमरल्यासारखे वाटणे : वाहत्या हवेच्या विरुद्ध श्वास सोडण्याची शरीराला सवय नसते. दिवसा, जागेपणी, वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसण्याचा सराव करावा. सुरुवातीस कमी दाब देऊन तो हळूहळू वाढविण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. दाब स्वतःच्या मनाने मात्र बदलू नये.

नाक चोंदणे, घसा कोरडा पडणे : आपल्या जिल्ह्यातील हिवाळ्याची कोरडी, थंड हवा या त्रासात भर घालते. यंत्राला जोडलेले ह्युमिडिफायर हवेत ओलावा आणते. त्यात बोअरवेलचे पाणी घातल्यास क्षारांचा पांढरा थर साचतो, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. थंडीत नळीत पाणी साठून गुळगुळ आवाज येत असेल, तर नळी पांघरुणाखालून घ्यावी व यंत्र अंथरुणापेक्षा खाली ठेवावे. तोंड उघडे राहून हवा निसटत असल्यास हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क याविषयी विचारावे.

नाकावर वळ उठणे, डोळ्यांना हवा लागणे : हवा निसटते म्हणून पट्टे आवळले जातात आणि कातडी सोलवटते. बहुधा मास्कचे माप चुकलेले असते. ते बदलून घ्यावे. दाट मिशा, चमकी किंवा मोरणी, चेहऱ्यावरील तेल व मलम यांमुळेही मास्क नीट बसत नाही. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने धुवावी.

पोट फुगणे : झोपेत हवा गिळली गेल्याने सकाळी पोट तडस लागल्यासारखे वाटते. कुशीवर झोपल्याने काहींना आराम पडतो. त्रास टिकल्यास दाबाचा फेरविचार डॉक्टरांकडून करून घ्यावा. छातीत दुखणे, श्वास लागणे किंवा नाकातून वारंवार रक्त येणे याकडे सवयीचा त्रास म्हणून दुर्लक्ष करू नये; तातडीने दाखवावे.

वीज गेली तर काय, हा प्रश्न खेड्यांतील कुटुंबे हटकून विचारतात. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये यंत्र बंद पडल्यास बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. केवळ नाकावरील मास्क असेल, तर तोंडाने श्वास घेता येतो. इन्व्हर्टरवर यंत्र चालविताना ह्युमिडिफायरची उष्णता बंद ठेवल्यास बॅटरी अधिक काळ पुरते.

घरच्यांचा वाटा

आपला श्वास थांबतो हे रुग्णाला स्वतःला कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्याला दिसते. म्हणून मास्कची थट्टा न करता पहिले काही आठवडे धीर देणे, रात्री मास्क निघाल्यास पुन्हा लावण्यास सांगणे आणि तक्रारी लिहून ठेवणे, हे घरच्यांनी आवर्जून करावे.

जमाखर्चाच्या दृष्टीने

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने एक गोष्ट विश्वस्त व देणगीदारांपुढे ठेवावीशी वाटते. यंत्राची खरेदी हा एकदाचा खर्च असून तो ताळेबंदात ठळक दिसतो. मास्क बदलून देणे, पहिल्या महिन्यात रुग्णाला पुन्हा बोलावणे, त्याची तक्रार ऐकून घेण्यास प्रशिक्षित माणूस नेमणे, हे खर्च किरकोळ दिसतात. पण यंत्र वापरात राहते ते त्यांच्यामुळेच. बहुतेक आधुनिक यंत्रे वापराचे तास स्वतः नोंदवितात. १०० पैकी किमान ७० रात्री, प्रत्येकी ४ तास वापर, हे समाधानकारक वापराचे किमान माप सर्वत्र धरले जाते. अपेक्षा अर्थातच पूर्ण रात्रीची असते. देणगी कामी आली की नाही, हे पावतीपुस्तकापेक्षा या नोंदीवरून अधिक स्पष्ट कळेल.

वापरलेले यंत्र देऊ इच्छिणाऱ्यांनी त्याचे मॉडेल व अनुक्रमांक आधी कळवावा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतील ध्वनिशोषक फोम झिजण्याच्या शक्यतेमुळे आपली अनेक मॉडेल्स जगभरातून परत मागविली होती. असे यंत्र अनवधानाने रुग्णाच्या उशाशी जाऊ नये.

आपण दिलेल्या यंत्रासोबत एका जादा मास्कची व दोन फेरतपासण्यांची तरतूद केल्यास ते यंत्र कपाटात न राहता रुग्णाच्या उशाशी राहील, अशी नम्र विनंती आहे.

— प्रशासकीय अधिकारी