तालीम वाचणारे हात

श्रीनगरहून गुलमर्गच्या बाजूला निघालं की वाटेत मागामजवळ कानिहामा आहे. कानी शाली विणणारं गाव. इथल्या विणकरापुढे चित्र नसतं, असतो खुणांनी भरलेला कागद: कोणता रंग, किती धागे. हीच तालीम. नक्काश नक्षी काढतो, तराहगुरू तिच्या एकेका ओळीचे रंग आणि धागे मोठ्यानं सांगत जातो, तालीमगुरू ते उतरवून घेतो. विणकर ती खूणलिपी वाचत विणतो, आणि तेही शालीची उलटी बाजू वर ठेवून. फूल उमललंय ते खालच्या बाजूला!

कानी शालीत धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. प्रत्येक रंगाचा बाणा छोट्या लाकडी काडीवर गुंडाळलेला असतो. तो आपल्या नक्षीपुरता जातो, शेजारच्या रंगात अडकून परततो. एका ओळीला अशा शेकडो काड्या लागू शकतात. येवल्यात पैठणीचा पदर विणतानाही रंग असेच एकमेकांत गुंतवतात. कानीची वीण मात्र तिरकी असते. दिवसाकाठी जेमतेम बोटभर कापड पुढे सरकतं. भरगच्च शालीला वर्षाहून अधिक काळ जातो.

धागा पश्मिन्याचा. लडाखच्या चांगथांगमध्ये, चार हजार मीटरहून उंचावर, शेळ्यांच्या अंगावर थंडीत उगवणारी ही लव वसंतात विंचरून काढतात. काश्मिरी बायका ती चरख्यावर कातत आल्या.

अकबराला या शालींचं भारी वेड होतं. पुढे फ्रान्सची सम्राज्ञी जोसेफीन त्या मिरवू लागली आणि युरोपात मागणी उसळली. पण विणकराच्या वाट्याला आला तो दाग-शाल नावाचा जबर कर. 29 एप्रिल 1865 रोजी श्रीनगरच्या झालडगरमध्ये त्याविरुद्ध जमलेल्या विणकरांवर काश्मीरच्या महाराजांचं सैन्य चालून गेलं. पळताना कित्येक जण कालव्यात बुडून मेले. श्रीमंतांच्या खांद्यावरच्या शालींचं कौतुक करताना ही तारीखही सांगायलाच हवी.

तोवर स्कॉटलंडच्या पेझलीतले माग काश्मिरी कोयरी स्वस्तात विणत होते. 1870च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रेंच बाजार बसला. 1877च्या दुष्काळानं उरलेसुरले विणकरही देशोधडीला लागले.

विसाव्या शतकात कानिहामात ही वीण पुन्हा उभी राहिली; आज तिला भौगोलिक मानांकन आहे. आता गाठ यंत्राशी आहे. गिरणीत पश्मिना तुटू नये म्हणून त्यात नायलॉन मिसळतात, मग आम्लानं ते विरघळवतात. त्यात तंतू कमकुवत होतो आणि चरख्यावरच्या बाईची मजुरी जाते. म्हणून शाल घेताना ती हातमागाची आहे का, एवढंच विचारून भागत नाही. सूत कुठं कातलंय, हेही दुकानदाराला विचारावं.