पिकाच्या राखणीत शिशाची गोळी व तांब्याची गोळी

मका दुधात आला की कन्नड, सिल्लोड, फुलंब्री व खुलताबाद या तालुक्यांतील शेतकऱ्याची झोप उडते. गौताळ्याच्या डोंगराकडून उतरलेला रानडुकरांचा कळप एका रात्रीत जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट लोळवून जातो. सपाटीवरच्या शिवारांत रोह्यांचे कळप कोवळ्या पिकाचे शेंडे खुडतात. आम्ही महसूल खात्यात कारकून असताना अशा नुकसानीचे पंचनामे पुष्कळ लिहिले आहेत. बुजगावणी, फटाके, जुन्या साड्यांचे कुंपण हे उपाय चार दिवस चालतात. जनावर सरावले की त्यांची भीती उरत नाही. मग बंदुकीचा विषय निघतो. बंदूक असावी की नसावी याची चर्चा पुष्कळ होते; परंतु तीतून सुटणारी गोळी कोणत्या धातूची असावी, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो येथे करावयाचा आहे.

आधी कायद्याची बाजू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद केली आहे. मात्र त्याच अधिनियमाच्या ११ व्या कलमात पिकाची नासाडी करणारे जनावर मारण्यास अधिकृत अधिकाऱ्याने कारणे नमूद करून लेखी परवानगी देण्याची तरतूद आहे. रोही व रानडुक्कर यांच्यापुरती ही परवानगी स्थानिक वनाधिकाऱ्यांकडून मिळावी, असा आदेश महाराष्ट्र सरकारने २०१५ साली काढला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही दोन्ही जनावरे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. वैजापूरकडे दिसणारे काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत असून त्यास हात लावणे हा गंभीर गुन्हा होय. हातात लेखी परवानगी नसता बार काढू नये. तसेच परवानगीने मारलेले जनावर ३९ व्या कलमान्वये सरकारची मालमत्ता ठरते. त्याच्या मांसावर शेतकऱ्याचा हक्क नाही.

आता गोळीकडे वळू. जनावर तत्काळ व कमी वेदनेने मरावे यासाठी गोळीच्या अंगी दोन गुण लागतात. पहिला प्रसरण, म्हणजे मांसात शिरताच गोळीचे तोंड फुलून रुंद होणे. दुसरा भेदन, म्हणजे कातडी, स्नायू व हाड फोडून हृदय आणि फुफ्फुसापर्यंत पोचणे. हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. पहार जमिनीत खोल जाते पण माती थोडी हलवते. फावडे पुष्कळ माती उचलते पण खोल जात नाही. गोळीचेही तसेच आहे. ८ मिलिमीटर व्यासाची गोळी फुलून १६ मिलिमीटर झाली, तर तिच्या तोंडाचे क्षेत्र चौपट होते. जखम मोठी होते, परंतु अडथळाही त्याच मानाने वाढून गोळी लवकर थांबते. न फुलणारी टणक गोळी आरपार जाते, पण मागे बारीक भोक तेवढे ठेवते. मग जनावर दोन शेते ओलांडून उसात दडते व पहाटे पाणी धरावयास गेलेल्या माणसावर उलटते.

गोळी फुलविण्याच्या युक्तीशी आपल्या देशाचे नाव जोडलेले आहे. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात गोळीच्या टोकावरील कठीण वेष्टन काढून आतले मऊ शिसे उघडे ठेवण्याची रीत निघाली. त्या गोळीने होणाऱ्या भीषण जखमा पाहून १८९९ साली हेगच्या परिषदेत फुलणाऱ्या गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरला. शिकारीत मात्र तीच रीत टिकली, कारण तेथे जनावर लवकर मरणे हीच दया होय.

शिसे या कामी इतके दिवस का वापरले गेले, हे उघड आहे. ते जड आहे. एका घन सेंटिमीटरचे वजन ११.३४ ग्रॅम. ते मऊ व स्वस्त आहे, आणि वेग मंदावला तरी फुलते. दोष असा की ते फुलताना तुटते. हाडावर आदळलेली शिशाची गोळी आपल्या वजनाचा चौथा, प्रसंगी तिसरा हिस्साही कणांच्या रूपाने मांसात सांडते. आपल्याकडे परिचित असलेल्या ३१५ बोअरच्या रायफलीची गोळी २४४ ग्रेन, म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडी अधिक भरते. तिचा तिसरा हिस्सा गळाला तर पुढे जाण्यास अवघे दहा-साडेदहा ग्रॅम उरतात. वयस्क नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट ढालीसारखा थर असतो. तेथे हलकी झालेली गोळी अडकण्याचा संभव असतो.

तांब्याची गोळी एकसंध असते. तिच्या टोकास पोकळी ठेवलेली असते. मांसातील द्रवाचा दाब त्या पोकळीत भरला की टोक चार ते सहा पाकळ्यांनी उमलते. तांबे चिवट असल्याने पाकळ्या सहसा तुटत नाहीत व गोळीचे नऊ दशांशाहून अधिक वजन शेवटपर्यंत टिकते. म्हणून मूळ वजन काहीसे कमी असूनही ती शिशाच्या मऊ गोळीच्या बरोबरीने, पुष्कळदा तिच्यापेक्षा खोल जाते. भेदनात तांबे सरस आहे, यात संशय नाही.

प्रसरणात मात्र तांब्यास एक अट आहे. त्यास वेग लागतो. सेकंदास सुमारे १८०० ते २००० फुटांच्या खाली वेग उतरला तर पुष्कळ जातींच्या गोळ्या पुरत्या उमलत नाहीत. घडणीप्रमाणे हा आकडा बदलतो. ३१५ बोअरची गोळी अर्वाचीन रायफलींच्या मानाने मुळातच मंद सुटते. अशा रायफलीतून तांब्याची गोळी दूरवर मारल्यास ती न फुलता भोक पाडून निघून जाण्याचा धोका आहे. दुसरे असे की तांब्याची घनता ८.९६ असल्याने तेवढ्याच वजनाची व जाडीची गोळी शिशापेक्षा सुमारे सव्वापट लांब होते. लांब गोळीस स्थिर राहण्यास नळीतील आट्यांचा पीळ अधिक लागतो. जुन्या नळीत तो पुरेलच असे नाही. यास्तव तांब्याची गोळी निवडताना ती वजनास हलकी घ्यावी, अंतर कमी ठेवावे, आणि परवानाप्राप्त चांदमारीच्या जागी आपल्याच रायफलीतून ती पारखून घ्यावी.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण शिसे हे विष आहे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात, शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणांच्या आतड्या-कोथळ्यांच्या २० ढिगांची क्ष-किरण चित्रे घेतली. त्यांपैकी १८ ढिगांत धातूचे कण निघाले व पाचांत तर दोनशेहून अधिक होते. तांब्याच्या गोळीने मारलेल्या चार हरणांच्या संपूर्ण देहांत मिळून अवघे सहा कण आढळले. शेतात टाकलेले असे कलेवर घार, गिधाड, कोल्हा व गावातील कुत्री खातात. पक्ष्याच्या जठरातील आम्लात शिसे विरघळून रक्तात भिनते. गिधाडे आधीच डायक्लोफिनॅक या औषधाने संपत आली व त्या औषधाचा जनावरांसाठी वापर २००६ साली बंद करावा लागला. उरलेल्यांस दुसरे विष देणे योग्य नव्हे. मुलांच्या शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. कॅलिफोर्निया प्रांताने २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाची काडतुसे बंद केली, आणि डेन्मार्कने १९९६ साली छर्रे व २०२४ साली रायफलीच्या गोळ्याही बंद केल्या.

आपल्यापैकी बहुतेकांजवळ रायफल नसून बारा बोअर किंवा ठासणीची बंदूक असते. त्यांनी एक गोष्ट विसरू नये: शिसे टाळावयाचे म्हणून जुन्या नळीत पोलादी छर्रे, खिळे वा लोखंडाचे तुकडे भरू नयेत. नळी खराब होते, प्रसंगी फुटते. अशा बंदुकीने तीस-पस्तीस पावलांपलीकडे बार टाकू नये, आणि मेलेले जनावर वनखात्याच्या पंचनाम्यानंतर त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोल पुरावे, जेणेकरून शिसे कोणाच्या पोटात जाणार नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. खोल जाणारी गोळी जनावराच्या पलीकडेही जाते, आणि चुकलेली रायफलीची गोळी मैलाहून दूर जाऊ शकते. वीज रात्रीची असली की शेजारच्या मक्यात कोणी तरी दारे धरीत उभा असतो. जनावरामागे मातीचा बांध वा चढ असल्याखेरीज घोडा ओढू नये. बार टाकण्यापूर्वी आजूबाजूच्या शेतकऱ्यांस कळवावे. पीक एका हंगामाचे असते. बांधापलीकडचा माणूस पुन्हा उगवत नाही.

एकंदरीत निष्कर्ष असा: वेगवान रायफल व बेताचे अंतर असेल तेथे तांबे निश्चित चांगले. मंद रायफलीस ते पारखूनच वापरावे. आणि जेथे शिशावाचून गत्यंतर नाही, तेथे कलेवर उघड्यावर टाकू नये.