कपाटातले सुपरहिरो

अॅक्शन फिगर : सांधे हलणारी, हव्या त्या पवित्र्यात उभी करता येणारी मूर्ती. हा शब्द रुळला 1964 मध्ये, अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीच्या ‘जी.आय. जो’मुळे. सांधे नसतात तो पुतळा. संग्राहक दोन्ही एका फळीवर मांडतात, पण वर्ग वेगळे.

मापं : 1:18 म्हणजे सुमारे पावणेचार इंच, 1:12 म्हणजे सहा, 1:6 म्हणजे बारा इंच. एका फळीवर शक्यतो एकच माप ठेवावं.

भारतात : फनस्कूल या खेळणी कंपनीची स्थापना 1987 मध्ये झाली, ‘जी.आय. जो’ इथल्या मुलांच्या हाती तिनेच दिला. दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ हा देशी सुपरहिरो आला 1997 मध्ये.

आयात : खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर, 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे.

जपणूक : उन्हाने रंग उडतो, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. उष्णतेत मऊ पीव्हीसी चिकट होतं, तेव्हा मांडणीचं कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. मूळ खोका फेकू नये. पुनर्विक्रीत खोक्यासह मूर्तीला जास्त किंमत मिळते.