सरकारी वकील : जुन्या कागदांतील व फौजदारी न्यायांतील

पेण तालुक्यांतील धरमतर खाडीजवळचें डोलवी हें गांव घेतलें, तर त्याच्या आसपासच्या मुलखाचे कागद तीन राजवटींचे निघतात. पेणचा भाग १८१८ पर्यंत पेशव्यांचा. शेजारचें आंग्र्यांचें संस्थान १८४० सालीं खालसा झालें. आणि इंग्रजी अमलांत कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ सालीं. त्यासच १९८१ पासून रायगड म्हणतात. या सर्व कागदांत ‘वकील’ हा शब्द येतो, आणि सर्वत्र त्याचा अर्थ एकच धरल्यानें संग्राहकांची फसगत होते. यास्तव त्या शब्दाचा, किंबहुना त्या हुद्द्याचा, थोडा उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेशवाईच्या पत्रव्यवहारांत सरकारचा वकील म्हणजे परदरबारीं ठेविलेला प्रतिनिधि. दिल्लीस हिंगणे होते ते या अर्थानें. न्यायसभेशीं त्याचा संबंध नाहीं. निवाड्याच्या कागदांत भेटतात ते अग्रवादी व पश्चिमवादी, त्यांच्या तकरिरा, त्यांचे जामीन व शेवटीं निवाडपत्र. जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. सरकारच्या वतीनें आरोप मांडणारा तिसरा इसम त्यांत शोधूं नये. चोरी, दरोडा, खून यांची चौकशी मामलेदार किंवा त्यावरील अधिकारी करी, आणि बहुधा तोच शिक्षाही ठरवी. फौजदारी चौकशीस ठराविक पद्धत नव्हती, असें एल्फिन्स्टननें आपल्या १८१९ च्या अहवालांत नमूद केलें आहे. तो विजेत्यांपैकीं होता हें ध्यानांत ठेवूनही त्याचें हें निरीक्षण आम्हांस खरें वाटतें.

या उणिवेचें स्वरूप नारायणराव पेशव्यांच्या वधांत उघड होतें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं शनिवारवाड्यांत त्यांस मारिलें. संशय ज्यांवर, ते रघुनाथराव स्वतःच मसनदीवर. मग फिर्याद कोणीं करावी? रामशास्त्र्यांनीं चौकशी करून दोष त्यांच्या पदरीं घातला व आपण दरबार सोडला. या प्रसंगाभोवतीं आख्यायिका पुष्कळ जमल्या आहेत, त्या बाजूस ठेविल्या तरी एवढें राहतें कीं, फिर्यादीचें काम न्यायाधीशालाच अंगावर घ्यावें लागलें. पदाच्या बळावर नव्हे, तर व्यक्तीच्या धैर्यावर तें निभावलें.

इंग्रजी अमलांत अपराध हा केवळ पीडिताविरुद्ध नसून राज्याविरुद्ध आहे हें तत्त्व कायद्यांत आलें. मुंबई इलाख्याचे १८२७ चे नियम, १८६१ चा फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा व त्यानंतरचे सुधारलेले कायदे या वाटेनें तें स्थिरावलें. १८९८ च्या कायद्याच्या २७० व्या कलमानें सेशन्स कोर्टांतील प्रत्येक खटला सरकारी वकिलानेंच चालवावा असें ठरलें. फिर्यादीनें आपला वकील दिला, तरी त्यानें सरकारी वकिलाच्या सांगण्याप्रमाणें वागावयाचें.

संग्राहकांस या जिल्ह्याचेंच एक उदाहरण मननीय वाटेल. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९ च्या जुलैंत पकडले गेले व पुण्याच्या सेशन्स कोर्टांत त्यांजवर खटला झाला. बचावास गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उभे राहिले. फडक्यांची स्वहस्ते लिहिलेली आत्मकथा व रोजनिशी सरकारपक्षानें पुराव्यांत आणिली. त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि १८८३ सालीं एडन येथें त्यांचा अंत झाला. त्या कागदांचें इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारनें १९५७ सालीं स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथांत छापिलें. ज्या कागदांनीं लिहिणाऱ्याचा घात केला, ते आज आपणांस वाचावयास मिळतात ते सरकारपक्षाच्या हातून, ही विलक्षण गोष्ट होय.

तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतील जुन्या कागदांत मात्र सरकारी वकिलाऐवजीं पुष्कळदां पोलीस प्रॉसिक्यूटर आढळेल. तपास करणारें खातें व खटला चालविणारें खातें एकच असणें बरें नव्हे, हें ओळखून १९७३ च्या कायद्यानें पोलिसांस त्या जागेवर नेमण्यास सामान्यतः मनाई केली. १ जुलै २०२४ पासून अमलांत असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतही ही विभागणी आहे.

सरकारी वकिलाचें काम कोणत्याही उपायानें शिक्षा मिळविण्याचें नव्हे. आरोपीस अनुकूल पुरावाही त्यानें कोर्टापुढें ठेवावयाचा असतो. त्याची कसोटी लागते ती खटला मागे घेण्याच्या अधिकारांत. हा अधिकार त्याचा स्वतःचा आहे, वरून आलेल्या हुकुमाचा नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं बलवंतसिंग विरुद्ध बिहार राज्य या निकालांत बजाविलें. कोर्टाची संमति पूर्वीपासूनच लागे; नव्या संहितेनें पीडिताचें म्हणणें ऐकणेंही आवश्यक केलें आहे.

म्हणून आमची विनंति अशी कीं, पेण, रोहें व अलिबाग येथील जुन्या वकील घराण्यांचीं दप्तरें पाहतांना निकालपत्रें तेवढीं उचलून बाकीचें रद्दींत टाकूं नये. खटला मागे घेण्याचे अर्ज, त्यांवरील शेरे व साक्षीदारांच्या याद्या अवश्य राखाव्या. निकालपत्राची दुसरी नक्कल बहुधा कोठें तरी मिळते. या कागदांची मिळत नाहीं.