झटका कुठल्या गिअरला बसतो?

दुरुस्त होऊन आलेली सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी आठवडाभरात पुन्हा झटके मारायला लागली, की मालकाला ऐकवले जाते, 'गिअरबॉक्सच गेलाय, बदलावा लागेल.' हा निकाल पुष्कळदा पुराव्याआधीच लागलेला असतो. कुठल्या गिअरला काय होते एवढे नीट टिपले, तरी दुखणे कुठे आहे याचा माग निघतो.

जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा '६एचपी' हा सहा गिअरचा गिअरबॉक्स घेऊ. २००१ मध्ये तो बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये आला, पुढे ऑडी, जग्वारमध्येही बसला. त्यात ए, बी, ई हे तीन क्लच आणि सी, डी हे दोन ब्रेक असतात. प्रत्येक गिअरला या पाचांपैकी दोनच आवळले जातात: तिसऱ्याला ए आणि बी, पाचव्याला बी आणि ई, रिव्हर्सला बी आणि डी. आता समजा, गाडी तिसऱ्यात, पाचव्यात आणि रिव्हर्सला घसरते, म्हणजे रेस वाढते पण गाडी ओढत नाही. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्यात मात्र ठणठणीत चालते. मग संशयित एकच उरतो, बी. त्याच्या प्लेटा झिजल्या असतील किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या ऑइलचा दाब वाटेतल्या एखाद्या सीलमधून गळत असेल.

घसरण मोजताही येते. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५२ आहे. बाहेर पडणारा शाफ्ट मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर आत येणाऱ्याचे १,५२० व्हायला हवेत. चालत्या गाडीत स्कॅनरवर १,७०० दिसले, तर वरचे १८० फेरे प्लेटा एकमेकींवर घासून उष्णतेत गेले.

सगळ्याच गिअरला झटका बसत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी ऑइलची पातळी बघावी. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंश सेल्सिअसला असताना, बाजूच्या बुचातून पातळी बघतात. ऑइल त्याहून तापलेले असेल तर फुगून पुरेसे वाटते, प्रत्यक्षात कमी भरले जाते. मग पंप हवा ओढतो, फेस होतो आणि दाब कमी होतो. हेच ऑइल 'आयुष्यभराचे' म्हणून गाड्या विकल्या गेल्या; झेडएफ स्वतः मात्र ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान बदलायला सांगते. माझ्या मते ग्राहकाला हे गाडी घेतानाच सांगायला हवे होते.

ऑइल बरोबर असेल तर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची आठवण तपासावी. प्लेटा झिजतात तशी त्यांच्यातली फट वाढते आणि क्लच भरायला ऑइल जास्त लागते. कॉम्प्युटर तो हिशेब शिकून साठवतो. नव्या प्लेटा बसवल्या पण जुना हिशेब पुसला नाही, तर नव्या क्लचला जुन्या मापाने ऑइल मिळते आणि गाडी धक्का देते. हिशेब पुसून, ठरलेल्या पद्धतीने गाडी चालवून तो नव्याने शिकवावा लागतो. दुरुस्तीत नेमकी हीच पायरी गाळली जाते, याचे वाईट वाटते.

स्वस्त स्कॅनरवर दिसणारा 'पी ०७००' हा कोड म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवले आहे, एवढीच वर्दी. मूळ नोंद त्या कॉम्प्युटरमधूनच वाचावी लागते. म्हणून गिअरबॉक्स उघडायला होकार देण्यापूर्वी गॅरेजकडे या नोंदीची प्रत मागा आणि गाडी चांगली तापल्यावर मेकॅनिकला शेजारी बसवून सहाही गिअर आणि रिव्हर्स चालवून दाखवा.