गोष्ट त्यांची, आवाज कुणाचा?

समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसे माध्यमांत दिसतच नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीने ठेवलेले संबंध वगळले. त्यानंतर हिंदी चित्रपट, वेब मालिका, जाहिराती आणि जून या ‘प्राइड’ महिन्यातल्या पुरवण्या यांत ही माणसे वरचेवर दिसू लागली. म्हणूनच न्याय्य चित्रणाची मागणी आता अधिक नेमकेपणाने मांडायला हवी. एखाद्या समूहाला पडद्यावर किती मिनिटे मिळाली, याने न्याय मोजता येत नाही. त्या माणसाची गोष्ट सांगताना त्याची संमती घेतली का, ती सांगण्यात त्याचा वाटा होता का आणि लैंगिकतेपलीकडचे त्याचे आयुष्य त्या गोष्टीत आले का, या तीन प्रश्नांनी तो मोजावा लागतो. इतर नागरिकांबाबत माध्यमे हे निकष निदान तत्त्व म्हणून तरी मानतात. तेच निकष इथेही लावा, एवढीच ही मागणी आहे.

संमती डावलली की काय होते, हे प्रा. रामचंद्र सिरस यांच्या बाबतीत देशाने पाहिले. नागपूरकडचे सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत आणि मराठीत कविता लिहीत. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री ‘स्टिंग’च्या नावाखाली कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात घुसली आणि त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रीकरण झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचे सांगून तेव्हा सातच महिने झाले होते, तरी विद्यापीठाने निलंबित केले ते सिरस यांनाच. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1 एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2011 मध्ये, टीव्ही 9 या वाहिनीने हैदराबादमधील समलिंगी पुरुषांविषयी सनसनाटी वृत्तांत दाखवला. त्यात एका संकेतस्थळावरच्या लोकांची खासगी माहिती उघड झाली. कार्यकर्त्यांनी तक्रार केली आणि वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाने वाहिनीला एक लाख रुपये दंड करून माफीनामा प्रसारित करायला लावला. प्राधिकरणाने त्यासाठी कोणताही खास नियम शोधला नाही. खासगीपणा आणि स्टिंग यांविषयीचे नियम आधीच लिहिलेले होते. ते या माणसांनाही लागू होतात, एवढेच त्याने मान्य केले.

मराठी मनोरंजनाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. पुरुषाने स्त्रीचा वेश घेणे आपल्या प्रेक्षकाला कधी परके नव्हते. बालगंधर्वांच्या भामिनीवर, सिंधूवर महाराष्ट्राने जीव ओवाळला आणि त्यांच्या पातळांची, दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. पण तमाशापटांतला नाच्या आला की तोच प्रेक्षक हसायला बसे. गणपत पाटलांनी ही भूमिका इतक्या ताकदीने केली की चित्रपटसृष्टीने त्यांना तिच्यातून बाहेरच पडू दिले नाही. त्या हसण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मोठ्या पडद्यावर ठळकपणे आला तो 2010 मध्ये, ‘नटरंग’ चित्रपटातल्या, नाच्या झालेल्या गुणाच्या रूपाने. आजच्या विनोदी कार्यक्रमांतली साडी नेसलेली पुरुषपात्रे नाच्याच्याच वंशातली आहेत. वेशांतरात काही वावगे नाही. विनोद जेव्हा पात्राच्या चालण्याबोलण्याखेरीज दुसऱ्या कशावरच उभा नसतो, तेव्हा मात्र वर्गातल्या बायकी मुलाला उद्या काय म्हणून चिडवायचे, याचा धडा तो घरोघर पोचवतो.

साहित्याने आणि रंगभूमीने दुसरी वाट धरली, तीही टप्प्याटप्प्याने. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगमंचावर आले. स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा मराठी नाटकाच्या मध्यभागी उभी राहिली, हे मोठे धाडस होते. तरीही तिची गोष्ट सांगतो तो तिचा मित्र बापू, आणि तिच्या वाट्याला येतो तो मृत्यू. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये, 2006 साली, पुरुषावर प्रेम करणारा तनय स्वतः बोलतो. घर, बहीण, मध्यमवर्गीय शिस्त आणि विरह हे सगळे त्याच्या तोंडून येते, आणि वाचकाला त्याची कीव करायची सवड राहत नाही. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन, बिंदुमाधव खिरे यांचे लेखन आणि दिशा पिंकी शेख यांची कविता यांनी ही वाट रुंद केली. बापूकडून तनयकडे आणि तिथून आत्मकथनाकडे झालेला हा प्रवास हीच न्याय्य चित्रणाची खरी मोजपट्टी आहे. टिंगल आणि सनसनाटी टाळून नुसती करुणा दाखवली म्हणजे काम झाले असे नाही, कारण करुणेतही बोलणारा दुसराच असू शकतो.

पहिला आक्षेप कलास्वातंत्र्याचा असतो: असे निकष लावले तर लेखक-दिग्दर्शकांचे हात बांधले जातील आणि विनोद मरेल. या विषयात कलेचे हात प्रत्यक्षात कुणी बांधले, हे आधी पाहावे. दोन स्त्रियांचे प्रेम दाखवणारा ‘फायर’ चालू असलेल्या मुंबईतल्या चित्रपटगृहांत 1998 मध्ये तोडफोड झाली. दोन स्त्रियांची करवा चौथ दाखवणारी डाबरची जाहिरात 2021 मध्ये राजकीय इशाऱ्यानंतर मागे घ्यावी लागली. सिरस यांच्यावरील ‘अलीगढ’ या चित्रपटाच्या ट्रेलरलाही ‘केवळ प्रौढांसाठी’ असा शिक्का मिळाला. म्हणजे न्याय्य चित्रण मागणारे बहुतेक वेळा कलेच्या बाजूनेच उभे होते. विनोदाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अपंगांच्या चित्रणाविषयी दिलेला निकाल मार्गदर्शक आहे. अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद आणि अपंगांना हीन लेखणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला, ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांना सोबत घेण्याचे तत्त्व मांडले, आणि तरीही खटल्यातल्या चित्रपटाला कात्री लावली नाही. टीका आणि बंदी यांतले हे अंतर आपणही पाळावे. वाईट विनोदावर बंदी नको. तो वाईट का आहे, हे समीक्षकांनी, प्रेक्षकांनी आणि कलावंतांनी स्पष्ट बोलावे.

दुसरा आक्षेप असा, की हे शहरी, इंग्रजी शिकलेल्यांचे खूळ आहे. समलिंगी विवाहहक्काच्या खटल्यात 2023 साली केंद्र सरकारनेही त्या हक्काच्या मागणीला शहरी अभिजनांची दृष्टी म्हटले होते. महाराष्ट्राला हे म्हणता येणार नाही. यल्लम्माच्या नावाने सोडलेले जोगते शहरांतून आले नाहीत. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ने 2009 मध्ये पडद्यावर आणलेले दुःख खेड्यातले आणि गरिबाघरचे होते. शहरी असेल तर ती माध्यमांची नजर. म्हणूनच सुखवस्तू समलिंगी जोडप्याची मुलाखत सहज छापून येते आणि तालुक्याच्या गावची ट्रान्स स्त्री गुन्हेवार्तेतच भेटते. तिसरा आक्षेप, मुलांवर काय परिणाम होईल हा; ती चिंता प्रामाणिक असू शकते. पण मुलांच्या कार्यक्रमात प्रेमकथा किती आणि कशी असावी, याचा निकष सर्व प्रेमांना एकच हवा. आणि आपण वेगळे आहोत हे ज्या मुलाला उमगू लागले आहे, त्याच्या कानावर घरच्या टीव्हीवरून फक्त हशा येत असेल, तर त्याचीही चिंता करणे आले.

उपाय अवघड नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी 2021 मध्ये एका समलिंगी स्त्रीजोडप्याच्या याचिकेवर निकाल देण्याआधी स्वतः समुपदेशकाकडे जाऊन विषय समजून घेतला. त्याच प्रकरणातून पुढे तमिळनाडू सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये आदराने वापरायच्या तमिळ संज्ञांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली. मराठी वृत्तपत्रांना अशी सूची करायला न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. कुणाचीही लैंगिकता त्याच्या परवानगीवाचून छापायची नाही, बातमीशी संबंध नसेल तर ‘तृतीयपंथी’ असा उल्लेख मथळ्यात करायचा नाही आणि आत्महत्येच्या बातमीत लैंगिकतेला कारण ठरवून मोकळे व्हायचे नाही, हे तीन नियम कोणतेही संपादकीय खाते आजपासून पाळू शकते. मालिकांच्या लेखनकक्षात आणि वार्ताहरांच्या खुर्च्यांवर ही माणसे बसली, तर उरलेले काम ती स्वतः करतील. त्यांच्याकडून वर्षाकाठी एकदा समलिंगी असण्यावर लेख मागवणे पुरेसे नाही. पाऊसपाणी, निवडणुका, संगीत आणि शेतीमालाचे भाव यांवरही त्यांनी लिहावे आणि वाचकाने त्यांना त्या विषयाचे जाणकार म्हणून वाचावे. मराठी माध्यमे तिथवर पोचली, म्हणजे न्याय्य चित्रणाची मागणी वेगळी करावी लागणार नाही.